लाल टॉवेल आणि लांबची लेन्स

रविवार, ३

आला एकदाचा. कॅमेरा घरात आला आणि दिवसभरात माझ्या हातून एकही काम धड झालं नाही. दूध उतू गेलं, इस्त्री तापत राहिली, नवरा दोनदा काहीतरी विचारून गेला आणि मी दोन्ही वेळा "हो" म्हटलं. कशाला हो म्हटलं ते आता तोच जाणे.

वही उघडली कारण दुकानदार म्हणाला, शिकणाऱ्याने काय चुकलं ते टिपत जावं. माझ्या चुका टिपायच्या तर वह्यांचा गठ्ठाच आणावा लागेल, पण बघू या. दुकानदार नमुनेदार माणूस आहे. बोलायला लागला की त्याचा हात एकीकडे, नजर दुसरीकडे आणि तोंड तिसरीकडे चालू असतं. मी त्याला स्पष्ट सांगितलं की मला यातलं ओ की ठो कळत नाही, मोबाइलवर फोटो काढते त्यातसुद्धा माझा अंगठा येतो. तो म्हणाला, "मग फार बरं. ज्यांना थोडं कळतं त्यांचाच मला त्रास."

त्याने बॉडी विकली, म्हणजे नुसता कॅमेरा, पुढची लेन्स सोडून. (बॉडी हा शब्द मी घरी आल्यापासून इतक्या वेळा वापरला की नवरा म्हणाला, बाहेर कुणी ऐकलं तर पोलीस येतील.) लेन्स मात्र दोन दिल्या. महिनाभर दोन्ही वापरा, एक ठेवा, एक परत आणा. एक आहे पन्नासची, म्हणजे पन्नास मिलिमीटरची. आखूड, हलकी, झूम वगैरे काही नाही. माणूस मोठा दिसायला हवा तर आपणच चार पावलं पुढे जायचं. दुसरी लांबची झूम. धरली की मनगट भरून येतं, पण समोरच्या गच्चीवरचं कबुतर थेट नाकासमोर येऊन बसतं. दोन्ही ठेवायची ऐपत नाही, त्यामुळे निवड करणं आलं. आणि निवडीत मी कच्ची. साधा पडदा घ्यायला मी तीन दुकानं पालथी घालते.

दुकानात पहिल्यांदा डोळा लावला तर सगळं धूसर. त्याने बोलता बोलता कॅमेरा घेतला, स्वतः पाहिलं, परत माझ्या डोळ्याला लावला, अंगठ्याने कडेला पुसल्यासारखं काहीतरी केलं आणि एकदम लख्ख. तेवढ्यावर मी विकली गेले.

घरी जाहीर केलं की या वस्तूला माझ्याशिवाय कोणीही हात लावायचा नाही. नवऱ्याने शरणागतीचे दोन्ही हात वर केले. आबांनी नुसती मान हलवली. आबा म्हणजे माझे सासरे. सगळी नोकरी बंदरावर क्रेन चालवण्यात गेली, तेव्हा यंत्र दिसलं की त्यांची खुर्ची आपोआप पुढे सरकते. खोक्यातून एकेक वस्तू निघत होती तेव्हा ते लहान पोरासारखे वाकून बघत होते. "लांबचं किती लांबचं दिसतं?" एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आबा, ती लेन्स बहुतेक परतच जाणार आहे. ते बरं म्हणाले.

मंगळवार, ५

लॅबमध्ये सकाळी सकाळी डोकं फिरलं. मायक्रोस्कोपला डोळा लावते तर रक्ताच्या पेशींच्या जागी नुसता धुरळा. चष्मेवाली बसून गेली होती माझ्या जागेवर. ही आमची धाकटी टेक्निशियन. जाड भिंगांचा चष्मा काढून ठेवते आणि आयपीस, म्हणजे डोळा लावायची नळी, स्वतःच्या नंबराप्रमाणे फिरवून घेते. वापर, माझं काही म्हणणं नाही, पण मग होतं तसं करून ठेव ना बाई. ती म्हणाली, ताई, ठेवलं होतं की अंदाजाने. अंदाजाने रक्त तपासायचं का आता, असं मी म्हटलं आणि मग मलाच वाईट वाटलं. तिला माझ्या डब्यातलं थोडं दिलं.

संध्याकाळी कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका शोधली. खोक्यात नाही. दुकानदार बोलण्याच्या नादात घालायला विसरला असणार. तशीही मी वाचणार नव्हते. या घरात पुस्तिका फक्त आबा वाचतात. कपडे धुण्याच्या यंत्राची तर त्यांना जवळजवळ पाठ आहे.

बुधवार, ६

पन्नासची लावून नवऱ्याचे फोटो काढले. लेन्सच्या पोटात पाकळ्यांची खिडकी असते, ती सताड उघडली की माणूस स्पष्ट आणि मागचं सगळं लोण्यासारखं मऊ. मायक्रोस्कोपखालीही तशीच पाकळ्यांची खिडकी असते, म्हणून हे मात्र मला एका फटक्यात कळलं आणि फार शेफारले. फोटोत नवऱ्याचा उजवा कान अप्रतिम आला आहे. बाकीचा नवरा जरा धूसर आहे. तो म्हणाला, इतक्या वर्षांत माझ्या कानाकडे तू प्रथमच लक्ष दिलंस.

शनिवार, ९

कालपासून कॅमेऱ्यातून धूसर दिसतंय. लांबची लेन्स लावलेली होती. मला वाटत होतं मी पन्नासची लावून ठेवली होती, पण माझ्या वाटण्याला काय अर्थ, मी परवा नवऱ्याच्या चष्म्याचं घर फ्रीजमध्ये ठेवलं होतं. घेऊन गेले दुकानात. त्याने डोळा लावला, स्वतःशी हुं हुं केलं, माझ्या हातात देता देता पुन्हा अंगठ्याने ते पुसल्यासारखं केलं, आणि त्या वेळात लेन्सच्या पुढे लावायच्या टोपीवर मला भाषण दिलं. बघा, म्हणाला. बघितलं. लख्ख. मी अगदी खजील झाले. दिवसभर बिघडलेली वस्तू आपण दुकानात नेतो आणि डॉक्टरपुढे मूल खोकायचं थांबावं तशी ती वागते.

कार्डात एक फोटो सापडला. नुसता लाल डाग आणि कोपऱ्यात खिडकीची चौकट. पिशवीत बटण दाबलं गेलं असणार. पुसून टाकला.

जेवताना आबा भलतेच खुशीत. म्हणाले, बावट्याला पणती झाली. बावट्या म्हणजे त्यांचा बंदरावरचा जोडीदार. आबा वर केबिनमध्ये, तो खाली जमिनीवर; हाताने खुणा करायचा आणि आबा त्या बघून माल उचलायचे, उतरवायचे. आयुष्यभर आवाजात राहून त्याचे कान गेले आहेत. तो आता बंदराच्या पाण्यापलीकडे, मुलीकडे राहतो. आबांचे गुडघे तीन मजले उतरू देत नाहीत, त्याचे त्याला. फोनवर बोलावं तर त्याला ऐकू येत नाही. एकदा आम्ही व्हिडिओ कॉल लावून दिला होता, तर त्याने सवयीने फोन कानाला लावला आणि आबांनी पूर्ण वेळ त्याचा कान पाहिला.

कुणी कळवलं, असं विचारलं तर आबा म्हणाले, कळलं. त्याच्या मुलीचा फोन आला असेल. मी आणखी वाढायला गेले तर त्यांनी पोटासमोर दोन्ही हात एकमेकांत गुंतवले. ही बंदरावरची खूण. सगळं बांधून ठेव, काम संपलं. आमच्या घरात तिचा अर्थ, आता वाढू नकोस.

मंगळवार, १२

मजेत गेला दिवस. सुट्टी होती. सकाळच्या उन्हात पन्नासची घेऊन जिन्यात बसले आणि जिना चढणाऱ्या प्रत्येकाचा फोटो काढला. खालच्या मजल्यावरची शिक्षिका आधी केस नीट करायला परत घरात गेली आणि मग असं हसली की फोटो फुकट गेला. टपालवाला मात्र बघतच राहिला थेट लेन्सच्या आत, काही न करता. किती सुंदर चेहरा आहे त्याचा. इतकी वर्षं तो येतो आणि मी फक्त त्याच्या हातातली पाकिटं पाहिली. घरी येऊन तो फोटो आबांना दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, याचा डावा खांदा पिशवीने उतरलाय. खरंच उतरलाय. मी पाहिलाच नव्हता.

माझं जवळजवळ ठरलं आहे. पन्नासची ठेवायची.

कॅमेऱ्याचा पट्टा मी हल्ली किती व्यवस्थित गुंडाळून ठेवते. दोरखंडासारखी गोल गोल घडी. चांगली सवय लागते आहे म्हणायची.

गुरुवार, १४

हे कोणाला सांगितलेलं नाही, इथेच लिहिते.

लॅबमधून आले, उजेड होता म्हणून कॅमेरा काढला. पुन्हा लांबची लावलेली, पुन्हा धूसर. म्हटलं, लेन्सच खराब. खिडकीतून झाडाचा एक फोटो तसाच काढला आणि मागच्या पडद्यावर मोठा करून पाहिला. पान न पान स्पष्ट. शिरा मोजता येतील इतकी. म्हणजे लेन्सला स्पष्ट दिसतंय आणि मला दिसत नाही. आत खाली हिरवे आकडे असतात, ते तर लेन्समधून येतही नाहीत, तेही मला धूसर. मग उरलं कोण? मी उरले.

माझे डोळे म्हणजे माझी नोकरी. चष्म्याशिवाय लांबची बसची पाटी वाचते म्हणून मी आयुष्यभर तोरा मिरवला. लॅबमध्ये शंका आली की मोठे डॉक्टरसुद्धा म्हणतात, ताईंना दाखवा. उद्या ताईंनाच दिसेनासं झालं तर ताई काय करणार? आणि कॅमेरा कोणत्या तोंडाने शिकणार? रात्रीच्या जेवणात मीठ विसरले. सगळ्यांनी गुपचूप वरून घेतलं.

शनिवार, १६

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. नवऱ्याला सांगितलं भाजी आणायला जाते. त्यांनी थेंब घातले, दिवे मारले, अक्षरं वाचायला लावली. मी शेवटची ओळ वाचली, तिच्याखालचं छापखान्याचं नावही वाचलं. ते म्हणाले, "बाई, तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. इथे कशाला आलात?" जीव भांड्यात पडला. बाहेर फुटपाथवर उभी राहून एकटीच हसले. थेंबांमुळे सगळं जग चकाकत होतं, रिक्षा, फळांच्या पाट्या, माणसांचे चष्मे. भाजी न घेताच घरी आले. नवऱ्याने विचारलं, भाजी? मी म्हटलं, चांगली नव्हती.

म्हणजे खोट त्या लांबच्या लेन्समध्येच आहे. कधी बरी, कधी धूसर, कसलं तरी लहरी प्रकरण. फोटो का स्पष्ट येतात ते मला सांगता येत नाही, पण डोळे माझे चांगले आहेत, कागदावर लिहून आणलंय.

रविवार, १७

आबांच्या खिडकीच्या कट्ट्यावर सोफ्याची लहान उशी सापडली. तिला मधोमध खड्डा पडलेला. हात टेकून बसत असतील बिचारे. त्यांच्या मागच्या खिडकीतून बंदराचं पाणी, पलीकडच्या इमारती आणि लांब क्रेनच्या माना दिसतात. आणि माझा लाल टॉवेल तिथे काय करतो? दोरीवर वाळत घालते तो रोज खिडकीत पोहोचतो. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, आबांना लाल रंग आवडत असेल.

जेवताना आबा म्हणाले, बावट्याचा गुडघा बदलणार आहेत. मी विचारलं, कधी? ते म्हणाले, ते अजून कळायचंय. एरवी दोन घासांत ताट सारणारा माणूस आज बोलत बसला होता. बंदरावरच्या मुकादमाची नक्कल केली. मी इतकी हसले की ठसका लागला.

बुधवार, २०

लांबची लेन्स परत दिली. सुटले. महिना संपायला अवकाश होता, पण कशाला उगाच टांगणी.

सकाळी निघताना आबांना सांगितलं की आज ती परत करते. ते दारापर्यंत आले. त्यांनी डाव्या हातावर उजवा तळवा अलगद धरला आणि तसाच ठेवला. ही खूण म्हणजे सावकाश, घाई करू नको. मी म्हटलं, हो आबा, वेळ आहे, बस मिळेल. ते तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "तुझी वस्तू आहे. तू ठरव." आता यात काय ठरवायचं होतं?

दुकानदार म्हणाला, पन्नासची निवडलीत, शहाण्या आहात. मी त्याला त्या लेन्सचा लहरीपणा ऐकवला. त्याने ती फिरवून पाहिली, माझं काही ऐकलं असं वाटलं नाही, आणि कॅमेऱ्याच्या तिपाईच्या पायांवर बोलायला लागला.

गुरुवार, २१

लख्ख. काल संध्याकाळीही लख्ख, आज सकाळीही लख्ख. एकदाही धूसर नाही. बघा, म्हटलं नव्हतं?

रविवार, २४

सगळं छान चाललंय असं लिहायला बसले आणि पेन थांबलं. फोटो खरंच छान येताहेत. चष्मेवालीचा काढला, चष्मा काढून बसलेली. तिचे डोळे इतके मोठे आहेत हे तिलाही माहीत नव्हतं. तिने तो आईला पाठवला. तेव्हा माझी निवड चुकलेली नाही.

पण आबा गप्प आहेत. जेवतात, पण वाढायच्या आधीच हात गुंतवतात. बावट्याच्या गुडघ्याचं काय झालं विचारलं तर म्हणाले, कोणास ठाऊक. मी म्हटलं, त्याच्या मुलीला फोन करू? फोन केला तर नंबर बंद. आबांनी कपडे धुण्याच्या यंत्राची पुस्तिका काढली आणि उघडून तशीच मांडीवर ठेवली. नवरा म्हणतो, हवा बदलली की होतं. मला नाही तसं वाटत, पण मग कसं वाटतं तेही सांगता येत नाही.

बुधवार, २७

काल रजा होती. आज लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि पुन्हा धुरळा. मी ओरडायला तोंड उघडलं. चष्मेवाली लांबूनच म्हणाली, "मी होते ताई. होतं तसं ठेवलं होतं, अंदाजाने."

तोंड तसंच उघडं राहिलं. माझा हात आयपीसच्या कड्यावर होता. दुसऱ्या कुणाच्या डोळ्याचा नंबर. स्लाइड स्पष्ट, फोटो स्पष्ट, फक्त मला धूसर. होतं तसं ठेवलं, अंदाजाने. दोरखंडासारखा गुंडाळलेला पट्टा. लाल डाग. उशीचा खड्डा. मी दिवसभर लोकांच्या पेशी मोजते आणि घरातलं माणूस मला दिसलं नाही.

दुपारीच निघाले. चपला बाहेर काढल्या, आत गेले. आबा मागच्या खिडकीत उभे होते. डाव्या हातात माझा लाल टॉवेल, तो ते वर-खाली, वर-खाली हलवत होते. उजव्या हातात वर्तमानपत्राची सुरळी केलेली आणि ती डोळ्याला लावलेली. पलीकडे पाणी, आणि पाण्यापलीकडे काड्यापेटीएवढ्या खिडक्या. सुरळीतून काय दिसणार होतं?

मी म्हटलं, "आबा, लांबची लेन्स तुम्ही लावत होतात?"

ते वळले. सुरळी पाठीमागे लपवली. "हात लावायचा नाही म्हणाली होतीस," ते म्हणाले. "मी लावला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खाली त्यांच्या पलंगावर बसले आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. रोज दुपारी बावट्या पलीकडे खिडकीत येतो. आधी नुसताच ठिपका दिसायचा. आबा टॉवेल हलवायचे, तो काहीतरी पांढरं हलवायचा. म्हणजे दोघांची हजेरी लागली, एवढंच. मग घरात लेन्स आली. आबांनी पुस्तिका वाचली, ती अजून त्यांच्या उशीखाली आहे. आणि पहिल्या दिवशी डोळा लावला तर बावट्याचे हात दिसले. बोटं दिसली. तो तिकडून बंदरावरच्या खुणा करत होता. तो तर आधीपासूनच करत होता म्हणे, रोज, कुणाला दिसत नसताना. "माझी पणती एवढी आहे, हे त्याने हातांनी धरून दाखवलं," आबा म्हणाले. "पूर्वीही असंच होतं. तो खालून बोलायचा आणि मी वरून हुक हलवून हो-नाही म्हणायचो. आता टॉवेल."

मोतीबिंदू काढलेला त्यांचा एकच डोळा चांगला आहे, आणि त्याचा नंबर माझ्यापेक्षा वेगळा. डोळा लावतो त्या रबराच्या कडेला एक बारीकसं चाक असतं, त्याने आपापल्या नंबराप्रमाणे करून घ्यायचं, हे पुस्तिकेत पहिल्याच पानांत आहे. ते रोज फिरवायचे आणि मी यायच्या आत मागे न्यायचे. कधी जमायचं, कधी नाही.

"ऑपरेशन कोणत्या दिवशी, ते तो बोटांनी सांगणार होता," ते म्हणाले. "त्याच दिवशी लेन्स गेली. आता तो ठिपकाही दिसत नाही गं. झालं, की झालं नाही, की काय झालं."

मी विचारलं, अहो पण मला बोलायचं की नाही? त्यांनी डाव्या हातावर उजवा तळवा धरला. सावकाश. बोलले होते ते. दारात उभं राहून बोलले होते आणि मी त्यांना बसचं वेळापत्रक ऐकवलं.

गुरुवार, २८

लॅबला जायच्या आधी दुकानात. शटर वर जायच्या आधीच मी उभी. लेन्स कुणी नेली तर नसेल ना, या विचाराने सकाळी चहा गेला नव्हता. होती. शोकेसमध्ये, वर "थोडी लहरी" अशी चिठ्ठी. म्हणजे ऐकत होता मेला. मी त्याला चाकाबद्दल विचारलं. तो म्हणाला, "ते होय? ते तर मी दर वेळी तुम्हाला फिरवून देत होतो की." बोलता बोलता. अंगठ्याने. मी त्याला काही बोलणार होते, पण जगात एवढं बोलणारा माणूस नेमकं तेवढंच कसं सांगत नाही, याचंच मला हसू आलं.

एकच ठेवायची हा नियम कायम आहे. पन्नासची मी काउंटरवर ठेवली. टपालवाल्याचा खांदा, चष्मेवालीचे डोळे, सगळं तिने दिलं. दुकानदार म्हणाला, शिकणाऱ्याला हीच बरी होती. मी म्हटलं, माहीत आहे. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू? बसमध्ये बसेपर्यंत वाटत होतं. मग पिशवीतलं ते वजन मांडीवर घेतलं आणि कमी झालं.

नवरा म्हणाला, आबांना दुर्बीणच आणली असती. आबा म्हणाले, तिला दोन डोळे लागतात, माझा चालतो एक. आणि कॅमेऱ्यातून दिसतं तेव्हा आपण काही काम करतोय असं वाटतं.

शुक्रवार, २९

चाकावर नखांना लावायच्या रंगाचे दोन ठिपके दिले. लाल आबांचा, गुलाबी माझा. आबांनी ते तपासले, एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि म्हणाले की लाल केसभर पुढे हवा. पुसून पुन्हा दिला.

दुपारी लवकर येऊन त्यांच्याबरोबर खिडकीत बसले. पलीकडची खिडकी रिकामी. पडदा ओढलेला. आबांनी टॉवेल हलवला तरी रिकामी. "हॉस्पिटलात असेल," मी म्हटलं. त्यांनी टॉवेल पुन्हा हलवला. उजेड जाईपर्यंत आम्ही बसलो आणि मग मी उशी झटकून आत नेली.

मंगळवार, ३

तीन दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. खिडकी रिकामी, आबा गप्प, मी लॅबमधून रोज लवकर सुटते आणि चष्मेवाली माझं काम सांभाळते. तिला मी सगळं सांगितलं. ती आता आयपीस फिरवली की चिकटपट्टीवर लिहून ठेवते: "फिरवली आहे, मी." सगळी लॅब हसते.

आज कॅमेरा उशीवर टेकवून आबा बसले होते. मी भाजी निवडत होते. त्यांची खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज आला, म्हणून वर पाहिलं.

"पडदा हलला," ते म्हणाले.

मग त्यांचे ओठ हलायला लागले, कुणी वाचत असल्यासारखे. टॉवेल त्यांच्या गुडघ्यावरच राहिला होता. मी म्हटलं, आबा, टॉवेल. त्यांनी तो न बघताच माझ्याकडे ढकलला. मी उभी राहून हलवायला लागले, वर-खाली, वर-खाली, एका हातात टॉवेल आणि दुसऱ्या हातात भाजीची जुडी. समोरच्या गच्चीवरची बाई बघत राहिली.

"उभा आहे," आबा म्हणाले. "काठी आहे. पण उभा आहे तो." त्यांच्या डोळ्यातून पाणी आलं आणि मग त्यांना काही दिसेना. त्यांनी कॅमेरा माझ्याकडे दिला. "तू बघ. काय म्हणतोय सांग."

मी डोळा लावला. चाक लाल ठिपक्यावर होतं, मला सगळं धूसर. एक फिकट चौकोन, त्यात एक माणूस, त्याच्या बाजूला एक रेघ. फिरवायला माझा अंगठा गेला आणि मी तो मागे घेतला. तेवढ्या वेळात त्याचा हात खाली आला असता तर? धूसरच बघत राहिले. त्याने एक हात डोक्यावर नेला आणि काहीतरी बारीक गोल गोल फिरवलं.

"हात वर करून गोल फिरवतोय," मी सांगितलं.

"उचल," आबा म्हणाले. "उचल म्हणतोय. खाटेवरून उचललं त्याला." ते हसायला लागले. "पुढे?"

"आता दोन्ही हात पोटाजवळ आणलेत. नीट दिसत नाही मला."

"गुंतवलेत का?"

मला खरंच दिसत नव्हतं. मी कॅमेऱ्याचं बटण अर्धं दाबलं, लेन्सने आत घरघर केली, आणि पूर्ण दाबलं. मग कॅमेरा उलटा करून मागचा पडदा आबांसमोर धरला. फोटोत खिडकीची चौकट होती, कडेला टेकवलेली काठी होती आणि बनियन घातलेला एक म्हातारा थेट आमच्याकडे बघत हसत होता. त्याने दोन्ही हात पोटासमोर एकमेकांत गुंतवले होते. एकेक बोट वेगळं दिसत होतं.

आबांनी फोटो मोठा करून बोटं पाहिली, मग चेहरा, मग पुन्हा बोटं. मग उठून माझ्या हातातला टॉवेल घेतला आणि स्वतःच हलवायला लागले. मी उरलेली भाजी निवडली. आज त्यांनी जेवताना दोनदा वाढून घेतलं.